बंद पडतानाचा आवाज

मेस्त्रींच्या कानावर कुणी शंका घेतलेली त्यांना खपायची नाही, आणि खोटं कशाला बोला, शंका घ्यावी असा तो कान नव्हताच. छत्तीस वर्षं सूतगिरणीत काढलेला माणूस. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला टेकवायची, डोळे मिटायचे, आणि दोन मिनिटांनी सांगायचं, "तिसऱ्या चातीचं बेअरिंग चाललंय. पंधरा दिवस काढेल." सोळाव्या दिवशी ते बेअरिंग गेलेलं असायचं. एकदा वरचे साहेब काचेच्या तबकड्यांची मापकं घेऊन आले, दोन दिवस कागद रंगवले, आणि शेवटी दाराशी जाऊन "मेस्त्रींना बोलवा" म्हणाले. निवृत्त झाल्यावरही सुख नव्हतं. कुणाचं शिलाई मशीन, कुणाचा पाण्याचा पंप, सगळे मेस्त्रींच्या दारात. बायको म्हणायची, "यंत्राच्या पोटातलं बरं ऐकू येतं तुम्हाला! मी ओट्यापाशी चारदा हाका मारते, ते कुठे जातं?"

एवढ्या कर्तबगार माणसाला एकच लेक. घरात ती चिमी, आणि तिशी उलटली तरी चिमीच. ती रक्तपेढीत नोकरीला होती. दुर्मीळ गटाचं रक्त असलेल्या माणसांची यादी तिच्या ताब्यात. अकराशे बेचाळीस नावं, प्रत्येकाचा पत्ता, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं त्याची तारीख. पूर्वी हे सगळं पुठ्ठ्याच्या कार्डांवर असायचं. मग पेढीत कॉम्प्युटर आला आणि चिमीनं सहा महिने खपून सगळी कार्डं त्यात चढवली. मेस्त्री गल्लीत येताजाता सांगायचे, "आमची चिमी कॉम्प्युटर चालवते." ऐकणाऱ्यानं विचारलं नाही तरी सांगायचे.

पण त्या कॉम्प्युटरला स्वतःचं असं पोट नव्हतं. यादी होती तेवीस फ्लॉप्यांवर. एक घाल, शोध, काढ, दुसरी घाल. एकदा एका बाळंतिणीसाठी फोन आला तेव्हा माणूस सापडला एकविसाव्या फ्लॉपीवर, चाळीस मिनिटांनी. बाई वाचली, पण थोडक्यात. त्या दिवशी चिमी घरी येऊन जेवली नाही. "नाव माझ्याकडे होतं बाबा," एवढंच म्हणाली, "माझ्याकडे असून मला देता येत नव्हतं."

तेव्हापासून ती हार्ड डिस्कच्या मागे लागली. एक डबी कॉम्प्युटरच्या आत बसवायची, तिच्यात सगळी यादी मावणार, नाव विचारलं की लगेच हजर. पेढीचे मोठे डॉक्टर तयार झाले. म्हणाले, "बाई, यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण ही यादी म्हणजे आपला जीव आहे. डिस्क बिघडली आणि ऐन वेळी नाव मिळालं नाही, तर एक माणूस जाईल. तेव्हा टिकेल ती डिस्क निवडा. निवड तुमची, सही तुमची." दोन दुकानदारांनी दोन डिस्का पंधरा दिवसांच्या बोलीवर वापरायला दिल्या. एक हातात मावेल अशी, चकचकीत, जास्त जागेची. तिचा दुकानदार टाय लावून यायचा, म्हणून सगळे त्याला टायवाला म्हणायचे. दुसरी डिस्क विटेएवढी, काळी, जड, आणि चालू केली की घरघरायची. तिचा दुकानदार ती आणून ठेवून गेला तो पुन्हा फिरकलाच नाही.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण मेस्त्री गप्प बसतील तर ते मेस्त्री कसले! गुरुवारी चिमी डबा विसरून गेली. बायको म्हणाली, "मी देऊन येते." मेस्त्री म्हणाले, "तू कशाला, मी जातो ना." आणि डबा एका हातात घेऊन दुसऱ्या हातानं स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. डबा पोचवायला स्क्रूड्रायव्हर कशाला लागतो, हे बायकोनं विचारलं नाही. तिला माहीत होतं.

चिमी नेमकी भांडारात कागद आणायला गेली होती. तिच्या खोलीत मोठे डॉक्टर होते आणि टायवाला होता. टेबलावर दोन कॉम्प्युटर उघडे, एकात ही डिस्क, एकात ती. डॉक्टरांनी मेस्त्रींना ओळखलं. त्यांच्या गाडीचा डायनॅमो जाणार हे मेस्त्रींनी फाटकात उभं राहून सांगितलं होतं.

"या, या मेस्त्री! तुमच्यासारखा माणूस आला ते बरं झालं. ऐकून सांगता का, यातली कुठली चांगली?"

आता इथे शहाण्या माणसानं काय म्हणावं? "माझी मुलगी बघतेय ना, तिला विचारा," असं म्हणावं. मेस्त्रींच्या मनातही ते आलं असेल, नाही असं नाही. पण डॉक्टर विचारताहेत, टायवाला बघतोय, आणि अंगावर मूठभर मांस चढलंय. अशा वेळी माणसाचं शहाणपण दाराबाहेर थांबतं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला. चकचकीत डिस्कवर टोक ठेवलं, डोळे मिटले. आत सगळं कसं मऊ, एकसारखं, भरल्या पोटी झोपलेल्या मांजरासारखं. मग काळी वीट. तिच्यात घरघर, मधूनच कडकड, तबकडीवरची नावं वाचणारं डोकं इकडून तिकडे पळताना दणका.

"ही," मेस्त्रींनी चकचकीत डिस्ककडे बोट दाखवलं. "चांगलं यंत्र बोलत नाही, डॉक्टरसाहेब. बोलतं ते कुरकुरतं, आणि कुरकुरतं ते मोडतं. छत्तीस वर्षांचा अनुभव आहे."

"झालं तर मग!" डॉक्टर टायवाल्याला म्हणाले. "जमल्यातच जमा समजा. शनिवारी अकरा वाजता कागद करू. मेस्त्री, तुम्हीही या."

चिमी कागदांचा गठ्ठा घेऊन आत आली तेव्हा टायवाला मेस्त्रींचा हात हातात घेऊन हलवत होता. तिला सगळं सांगण्यात आलं. तिनं कागद टेबलावर ठेवले. डबा घेतला, "थँक्यू बाबा" म्हणाली. मेस्त्री उड्या मारत घरी गेले.

संध्याकाळी ती घरी आली, चप्पल काढली, हात धुतले, आणि समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"डॉक्टरांनी!"

"निवड कुणाची होती?"

मेस्त्रींनी वर्तमानपत्राची घडी मोडली, परत घातली. बायको कणीक मळता मळता थांबली.

"अगं, मी तुझं काम सोपं केलं. आता सही करायची आणि मोकळं व्हायचं."

"कशावर सही करू? आठ दिवस मी त्या दोन डिस्कांच्या मागे आहे. चालू असताना प्लग ओढते. परत लावते. यादी पहिल्यापासून तपासते. वहीत रेघ मारते. तुमची ती न बोलणारी डिस्क त्रेसष्टाव्या वेळी गेली. अकरा नावांचा नुसता चिखल झाला."

"प्लग ओढतेस?" मेस्त्री ताडकन उठले. "चालत्या यंत्राचा प्लग ओढतेस? अगं, हा छळ आहे यंत्राचा! गिरणीत असं कुणी केलं असतं तर मी त्याला कानाला धरून बाहेर काढलं असतं. आधी हत्यार कामावरून उचलायचं, मग वेग उतरवायचा, मग बंद. यंत्र बंद करायची एक रीत असते."

"तुमच्या गिरणीत असते. आमच्याकडे सहा वाजले की वायरमन काका बाहेरचा खटका खाली ओढतात. पंधरा वर्षांपूर्वी तारेनं पेट घेतला आणि कार्डांची एक खोली जळाली, तेव्हापासूनचा नियम. शीतकपाटांची तार वेगळी, ती चालू. बाकी सगळं सहाला बंद. मी हात जोडून सांगितलं, काका, आधी मला हाक मारा, मी डिस्कचं डोकं जागेवर नेऊन ठेवायचा हुकूम देते, मग ओढा. म्हणाले, नियम म्हणजे नियम. मोठ्या डॉक्टरांचंही ऐकत नाहीत ते. आणि काकांना एक वेळ समजावता येईल. वीज स्वतःहून जाते तेव्हा ती कुणाला विचारते?"

मेस्त्री परत खाली बसले.

"तुम्ही चालतानाचं ऐकलंत, बाबा," चिमी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "मी आठ दिवस बंद पडतानाचं ऐकतेय."

ती आत गेली. बायकोनं कणकेवर ओलं फडकं टाकलं. "छान केलंत," ती म्हणाली. "हात दाखवून अवलक्षण. आता लेकीनं बापाविरुद्ध बोलायचं, नाहीतर खोट्यावर सही करायची. दोन्हीकडून मेली बिचारी." आणि तीही आत गेली.

शुक्रवार त्या घरात कसा गेला ते विचारू नका. भांड्यांचाच काय तो आवाज. मेस्त्री कुणाच्या शिलाई मशीनलाही गेले नाहीत. मशीनवाला दारात उभा राहिला, तर "आज कान दुखतोय" म्हणून त्याला परत पाठवला. एकच वाक्य डोक्यात घोळत होतं. छत्तीस वर्षांत आपण यंत्र बंद पडताना कधी ऐकलं? भोंगा वाजला की हात पुसायचे आणि डबा उचलायचा. यंत्र थांबलं म्हणजे मेस्त्रींचं काम संपलं. थांबताना ते काय म्हणतं, हे ऐकायला कोण बसलंय!

शनिवारी सकाळी आठलाच ते अंघोळ करून, भांग पाडून दाराशी उभे. "येतो तुझ्याबरोबर," म्हणाले. चिमीनं नुसती मान हलवली.

पेढी अजून रिकामी होती. तिनं दोन्ही यंत्रं चालू केली आणि मुकाट्यानं स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. "आता ऐका."

मेस्त्रींनी चकचकीत डिस्कवर टोक ठेवलं. मऊ घुमणं, तेच. चिमीनं प्लग ओढला. घुमणं उतरत गेलं, उतरत गेलं, आणि अगदी शेवटी एक बारीकसा खरखराट आला, पोळपाटावर वाळूचा कण यावा तसा. मेस्त्रींचे डोळे उघडले. डोकं जिथे होतं तिथेच खाली बसलं होतं, लिहिलेल्या नावांच्या अंगावर, फिरत्या तबकडीला घासत.

"परत," ते म्हणाले. तिनं परत केलं. परत तेच.

मग काळी वीट. घरघर, कडकड. प्लग ओढला. तबकडीचा वेग जरासा उतरतोय न उतरतोय तोच आत खाडकन एक ठोका पडला आणि पुढे सगळं स्वच्छ. खरखर नाही, काही नाही. वीज गेल्या क्षणी डोकं स्वतःच्या पायांनी घरी गेलं होतं आणि दार लावून बसलं होतं. कुणी हुकूम दिला नव्हता.

"अगं बाई गं!" मेस्त्री म्हणाले. हे त्यांच्या बायकोचं वाक्य होतं, ते त्यांच्या तोंडून कसं निघालं देव जाणे. त्यांनी तीनदा ऐकलं, पाचदा ऐकलं. तिची वही घेतली. काळ्या विटेच्या पानावर चारशेवर रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या बांधलेल्या, आणि शेवटी एकच शब्द: शाबूत. एवढी चिकाटी त्यांनी गिरणीत छत्तीस वर्षांत दोनच माणसांत पाहिली होती, त्यातले एक ते स्वतः.

"बाबा, तुम्ही आज काही बोलू नका," चिमी म्हणाली. "मी वही दाखवते. बघते काय होतं ते."

"तुझ्या मनासारखं," मेस्त्री म्हणाले, पण त्यांच्या मनात वेगळं होतं.

अकराला मोठे डॉक्टर आले, टायवाला आला. टाय आज लाल होता. चिमीनं वही पुढे केली. टायवाल्यानं ती चाळली आणि हसला. "बाई, असं कुणी वापरतं का? दिवसातून पन्नास वेळा प्लग ओढायचा! हा यंत्रावर अत्याचार आहे. आणि डॉक्टरसाहेब, परवा खुद्द मेस्त्रींनी..."

"मेस्त्री चुकले," मेस्त्री म्हणाले.

चिमीनं चमकून बापाकडे पाहिलं.

"मी चालतं यंत्र ऐकलं. थांबतं ऐकायला हवं होतं, ते मला सुचलं नाही, हिला सुचलं. आज सकाळी ऐकलं. ती मऊ डिस्क थांबताना नावांवर घासते. ही खडबडीत घासत नाही. माझा परवाचा शब्द मी मागे घेतो." हे बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. गावभर ज्याच्या कानाची ख्याती, त्यानं चारचौघांत असं म्हणायचं म्हणजे काय चेष्टा आहे?

पण झालं भलतंच. टायवाला आणखीच हसला. "आलं लक्षात. लेकीसाठी बापानं शब्द फिरवला. माया असते, साहेब, मी समजू शकतो."

आणि डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. मेस्त्रींनी ती पाहिली. परवाचा शब्द लेकीच्या आड आला होता, आणि आजचा तिच्या उपयोगी पडत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या बोलण्याला दमडीची किंमत उरली नव्हती, आणि नेमकी आज! काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण चिमी पुढे झाली होती.

"बाबांचं राहू द्या," ती म्हणाली. "माझंही राहू द्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुमची डिस्क चालू आहे. तिच्यात अकराशे बेचाळीस नावं मी पुन्हा भरली आहेत. आत्ता ती एकेक नाव वाचतेय. प्लग तुमच्या हाताशी आहे. तुम्हीच ओढा."

"मी?"

"तुम्ही. एकदाच. पन्नास वेळा नाही. आमच्याकडे रोज सहाला होतं तसं."

टायवाल्यानं प्लगला हात घातला. डॉक्टर बघत होते. डिस्क मऊ आवाजात नावं वाचत होती. तो हात तिथेच राहिला. मग त्यानं घसा खाकरला.

"एक मिनिट," तो म्हणाला. "आधी डोकं जागेवर न्यायचा हुकूम द्या ना. तेवढा एक हुकूम दिला की मग खुशाल..."

"का द्यायचा?" चिमीनं विचारलं.

त्याच्याकडे उत्तर होतं, ते सगळ्यांना ऐकू आलं, आणि तो बोललाच नाही. हात प्लगवरून निघून टायकडे गेला.

मग चिमी दुसऱ्या टेबलाशी गेली. काळी वीट घरघरत नावं वाचत होती. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरांकडे बघत बघत प्लग ओढला. खाड! परत लावला. वीट पुन्हा घरघरायला लागली, पडदा उजळला, यादी पहिल्या नावापासून खाली सरकू लागली आणि अकराशे बेचाळिसाव्यावर जाऊन थांबली. डॉक्टरांनी शेवटचं नाव मोठ्यानं वाचलं.

"आमचा वायरमन कुणाच्या हुकुमाला थांबत नाही," ते टायवाल्याला म्हणाले. "तुमची डिस्क घेऊन जा. बाई, कागद आणा."

कागदावर एक ओळ होती, निवड करणाऱ्याची सही. चिमीनं खाली वाकून सही केली, पुरं नाव, वळणदार. मेस्त्री भिंतीशी उभे राहून ते पेन बघत होते. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "मेस्त्री, तुमची मुलगी जबरदस्त आहे हो." मेस्त्री म्हणाले, "मला परवाच कळायला हवं होतं, साहेब."

दुपारी ते घरी पोचले ते जवळजवळ धावतच.

"हरलो!" ते उंबऱ्यातूनच ओरडले.

बायको ओल्या हातांनी बाहेर आली. शेजारचे तात्या लॉटरी लागली की काय म्हणून दारात आले. "काय झालं, मेस्त्री? कोण जिंकलं?"

"मी हरलो हो तात्या! सगळ्यांसमोर, मोठ्या डॉक्टरांसमोर हरलो! आमच्या चिमीनं हरवलं! मी बोललो ते फुकट गेलं, तिनं करून दाखवलं!" आणि सगळी हकिकत त्यांनी उभ्या उभ्या सांगितली, ठोक्याच्या आवाजासकट. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगितली. तात्यांना डिस्क म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, तरी त्यांनी अभिनंदन केलं.

"बरं, बसा आता," बायको म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "पाणी आणते. किती तो दम लागलाय."

"पाणी नंतर. गिरणीवर जाऊन येतो, पाळी सुटायच्या आत सगळे भेटतील."

"गिरणीवर? तिथे काय आता?"

मेस्त्री चपलेत पाय घालत होते. "छत्तीस वर्षं त्या लोकांनी माझ्या कानावर विश्वास ठेवला," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा बरं ऐकणारी माझ्या घरात आहे, हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. ते मीच सांगणार."